दोन लोकरी: उचगाव परिसरातील शरद, घोंगडे आणि सुयांची वीण

कोल्हापूर शहराच्या पूर्वेला, पुणे-बंगळूर महामार्गाच्या कडेला वसलेले उचगाव आज शहराचेच उपनगर वाटावे इतके वाढले असले, तरी त्याच्या भोवतालचा मुलूख लोकरीच्या इतिहासाच्या दृष्टीने असाधारण आहे. उत्तरेला पंचगंगेचे खोरे, लगत गांधीनगर, वळिवडे आणि गडमुडशिंगी, पूर्वेला थोडे पुढे पट्टणकोडोली आणि हुपरी, एवढ्या लहानशा परिघात लोकरीचे दोन स्वतंत्र संसार नांदले. एक धनगर-सनगरांच्या मागावरच्या घोंगड्याचा, जो येथील मेंढरांच्या पाठीवरूनच उभा राहिला. आणि दुसरा घरातल्या स्त्रियांच्या हातातील सुयांचा, ज्याची लोकर बाहेरून, दुकानातल्या गुंड्यांच्या रूपाने आली. या दोन लोकरी एकाच घरात, पुष्कळदा एकाच तान्ह्या बाळाच्या अंगाखाली आणि अंगावर वापरल्या गेल्या, परंतु त्यांचा धागा कधी एक झाला नाही. हा वेगळेपणा निव्वळ योगायोगाचा नसून त्यामागे मेंढीची जात, विणण्याचे तंत्र आणि मुलांच्या संगोपनाची गरज अशी तीन निरनिराळी कारणे आहेत.

शरद ऋतू म्हणजे आश्विन आणि कार्तिक हे दोन महिने. समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवरच्या या पठारी भागात पावसाळा ओसरल्यावर लगेच थंडी पडत नाही. उलट ऑक्टोबरमध्ये दुपारचे ऊन चांगलेच तापते आणि गारवा जाणवतो तो पहाटेच्या दवापुरता. त्यामुळे लोकरीच्या कामाचा हंगाम येथे थंडीने ठरवलेला नाही, तो शेताने आणि सणांनी ठरवलेला आहे. भाताची कापणी, भुईमुगाची काढणी आणि दिवाळीनंतर पेटणारी उसाची गुऱ्हाळे यांच्या मधल्या फटीत जो मोकळा वेळ सापडे, त्यात सूत कातत, गोधड्या शिवत (गोधडीला कोल्हापूरकडे वाकळ म्हणतात), आणि पुढे विसाव्या शतकात स्वेटरही याच काळात सुयांवर चढू लागले, म्हणजे पौष-माघातील खऱ्या थंडीपर्यंत ते पुरे होत.

याच दोन महिन्यांत कुटुंबाचे लक्ष मुलांकडे विशेष वळते, असे दक्षिण महाराष्ट्रातील सणांची मांडणी पाहिली की दिसते. हस्त नक्षत्रात सूर्य आल्यावर मुलींचा हादगा सुरू होतो, पाटावर हत्तीचे चित्र मांडून फेर धरला जातो आणि शेवटी खिरापत ओळखण्याचा खेळ होतो. कोजागरीला, म्हणजे आश्विन पौर्णिमेला, अनेक घरांत ‘आश्विनी’ केली जाते. घरातील ज्येष्ठ अपत्याला पाटावर बसवून आई त्याचे औक्षण करते आणि त्याला नवे वस्त्र देते. दिवाळीत मातीचे किल्ले उभे राहतात, पाडव्याला आणि भाऊबीजेला लेकी माहेरी येतात, आणि बाळंतपणासाठी आलेली लेक असली तर तिच्या परतीच्या तयारीत बाळंतविडा भरला जातो. बाळंतविडा म्हणजे नवजात बाळासाठी आणि त्याच्या आईसाठी माहेरहून दिलेल्या वस्तूंचा संच, ज्यात झबली, टोपडी, लंगोट, दुपटी आणि कुंची असे. कुंची हे डोके, कान आणि पाठ एकाच वेळी झाकणारे मागे लोंबते टोपडे असून ते खणाचे किंवा रेशमी कापडाचे शिवत. या संचात लोकरीची टोपी आणि पायमोजे यांचा शिरकाव नंतरचा आहे. जुन्या बाळंतविड्यातले सारे कपडे शिवलेले होते, विणलेले नव्हते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

मात्र लोकर बाळंतिणीच्या खोलीत आधीपासून होती, ती घोंगड्याच्या रूपाने. बाळंतिणीच्या बाजेवर किंवा खाली जमिनीवर घोंगडे अंथरण्याची रीत ग्रामीण महाराष्ट्रात दूरवर पसरलेली आहे, आणि तिच्यामागे ओल शोषून ऊब धरण्याचा लोकरीचा गुण जितका आहे, तितकीच घोंगडे पवित्र मानण्याची धनगरी श्रद्धाही आहे. हे घोंगडे दख्खनी मेंढीच्या लोकरीचे. ही मेंढी काटक, कमी पाण्यावर आणि कोरड्या चाऱ्यावर तगणारी, बहुतांशी काळ्या किंवा काळपट रंगाची. तिला पाळतात ती मुख्यतः मटणासाठी आणि खतासाठी, लोकर हे त्याखालचे उत्पन्न. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याच्या तोंडाशी आणि दुसऱ्यांदा दिवाळीच्या आसपास, मेंढरे नदीत किंवा ओढ्यात धुऊन कातरली जातात. एका मेंढीपासून वर्षाकाठी जेमतेम अर्धा किलोच्या आसपास लोकर मिळते, आणि एका चांगल्या घोंगड्याला दोन-अडीच किलो लोकर लागते, तेव्हा एक घोंगडे म्हणजे चार-पाच मेंढ्यांचे एका वर्षाचे देणे होय. कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीला जावळ म्हणतात. ती इतर लोकरीपेक्षा मऊ असते आणि जावळाचे घोंगडे अधिक मोलाचे समजले जाते.

कातरलेली लोकर निवडून, पिंजून तिचे पेळू करायचे, आणि चातीवर किंवा चरख्यावर सूत काढायचे, हे काम बहुतेक करून बायका आणि म्हाताऱ्या माणसांचे. चाती म्हणजे हातात फिरवायची साधी टकळी, जी मेंढरांमागे चालतानाही चालवता येते. विणणे हे काम सनगरांचे, तसेच काही धनगर घराण्यांचे. सनगर ही लोकर विणणारी जात सोलापूर, सांगली आणि कोल्हापूर या पट्ट्यात पसरलेली आहे, आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या कोल्हापूर खंडातही कांबळी विणण्याच्या या धंद्याला स्थान मिळालेले आहे. माग जमिनीत खणलेल्या खड्ड्यावर बसवलेला असे, विणकर खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबी, आणि ताण्याला चिंचोक्यांची खळ दिलेली असे. चिंचोके भाजून, भिजवून, कुटून केलेली ही खळ लोकरीच्या रखरखीत धाग्याला मागावर तुटू देत नाही, शिवाय तयार घोंगड्याला तो ताठपणा देते, ज्यामुळे पावसाचे पाणी वरच्यावर निथळून जाते आणि घोंगड्याची खोळ करून डोक्यावर घेतलेला गुराखी दिवसभर शेतात उभा राहू शकतो. याहून वेगळा प्रकार बुरणूस, जो विणलेला नसतो. लोकर ओली करून, दाबून, तुडवून केलेला तो जाड नमदा असतो आणि तो करणारे पिंजारी.

या साऱ्या धंद्याचे धार्मिक केंद्र उचगावपासून फार दूर नाही. हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोली येथे विठ्ठल-बिरदेवाची यात्रा आश्विनात, कोजागरी उलटल्यावर भरते, आणि महाराष्ट्राबरोबर कर्नाटकातूनही धनगर समाज तेथे जमतो. फरांडेबाबांची भाकणूक, म्हणजे येत्या वर्षाच्या पाऊसपाण्याविषयीचे आणि पिकांविषयीचे भाकीत, हा यात्रेचा मुख्य भाग असून त्या वेळी भंडाऱ्याबरोबर खोबरे आणि लोकर यांचीही उधळण होते. दुकानात कवडीमोल ठरलेल्या वस्तूला देवाच्या अंगणात हळदीच्या बरोबरीचा मान मिळतो, हे पाहिले म्हणजे केवळ बाजारभावावरून एखाद्या धंद्याचा इतिहास लिहिण्याची मर्यादा ध्यानात येते. यात्रा आटोपली आणि दिवाळी झाली की पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातील मेंढपाळांचे वाडे पश्चिमेकडे सरकू लागतात. वाडा म्हणजे एकत्र फिरणाऱ्या काही कुटुंबांचा आणि त्यांच्या कळपांचा समूह. घोड्याच्या पाठीवर संसार, त्यावर कोंबड्या, नवी कोकरे आणि चालू न शकणारी लेकरे अशी ही वाट असते. भात निघालेल्या शेतात शेतकरी या कळपांना रात्रीपुरते बसवून घेतो, त्याला या भागात बकरी बसवणे म्हणतात, आणि मिळणाऱ्या लेंडीखताच्या बदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. भुदरगड तालुक्यातील आदमापूरच्या बाळूमामांच्या (१८९२–१९६६) नावाने फिरणारे कळप आजही गावोगाव श्रद्धेने बसवून घेतले जातात. शरदातले धनगराचे मूल, म्हणजे, सणात नव्या कपड्यांसाठी घरी थांबलेले मूल नव्हे, तर त्याच दिवसांत घर सोडून निघालेले मूल होय; त्याच्या वाट्याला येणारी ऊब घोंगड्याचीच.

एवढी लोकर दाराशी असताना ती सुयांवर का गेली नाही, या प्रश्नाचे उत्तर तंतूत आहे. दख्खनी लोकर जाड, केसाळ आणि टोचरी. तिच्यात ठिसूळ केसांचे प्रमाण मोठे. मेरिनो मेंढीचा तंतू साधारणपणे २४ मायक्रॉनपेक्षा बारीक असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि दख्खनी लोकर त्याहून पुष्कळच भरड भरते. मागावर ताणा आणि बाणा एकमेकांना काटकोनात घट्ट दाबून धरतात, त्यामुळे भरड धागाही तेथे टिकतो आणि त्याचा भरडपणा गुण ठरतो. सुयांची वीण याच्या उलट आहे. तीत ताणा-बाणा नसतो, एकाच सलग धाग्याचे फास एकमेकांत अडकवत ओळीवर ओळ चढवायची असते. सुलट टाक्यात नवा फास जुन्या फासातून पुढच्या बाजूने बाहेर येतो, उलट टाक्यात मागच्या बाजूने, आणि या दोन टाक्यांच्या मिश्रणातून सारे नमुने निघतात. असे कापड सर्व बाजूंनी ताणले जाते, अंगाबरोबर वाकते आणि पुन्हा आखडते. त्याला मऊ, लवचीक, न तुटणारा धागा लागतो, जो दख्खनी मेंढी देत नाही. मेरिनो आणि रॅम्बुले या परदेशी जातींशी तिचा संकर करून लोकर सुधारण्याचे प्रयोग महाराष्ट्रात झाले. परंतु मटणाला भाव आणि लोकरीला भाव नाही अशी स्थिती असताना मेंढपाळाने ते मनावर घेण्याचे कारण नव्हते, आणि येथील पावसाळी चिखलात नाजूक जनावर पोसण्याचा धोका त्यानेच पत्करायचा होता. या बाबतीत प्रयोग करणाऱ्यांपेक्षा मेंढपाळाचा हिशेब पक्का होता, असेच म्हणावे लागते.

सुयांची वीण महाराष्ट्रात आली ती एकोणिसाव्या शतकात, मिशनच्या शाळा आणि युरोपीय कुटुंबे यांच्या द्वारे. कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर १८५२ साली आले आणि त्यांच्या कामाबरोबर मुलींच्या शिक्षणाचाही प्रारंभ झाला. त्या काळच्या मिशन शाळांत वाचन-लेखनाइतकेच सुईकामाला महत्त्व असे, कारण मुलींना शाळेत पाठवायला तयार नसलेल्या पालकांना हातात दिसणारी वस्तू पटकन पटे. पुढे संस्थानच्या स्त्री-शिक्षण खात्यात रखमाबाई केळवकरांसारख्या बाई प्रमुखपदी आल्या, त्यांच्या कन्या डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी वैद्यकाचे शिक्षण घेऊन कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात काम केले, आणि बाळंतपण व बालसंगोपन या गोष्टी सुईणीच्या खोलीतून दवाखान्याच्या खोलीत येऊ लागल्या. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने १९०९ पासून शिवण-विणकामाचे वर्ग प्रतिष्ठित केले. या साऱ्याचा एकत्रित परिणाम असा की विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात शिकलेल्या मराठी स्त्रीच्या हातात सुया ही लाज वाटण्याजोगी किंवा परकी गोष्ट राहिली नाही.

खेड्यांपर्यंत हे ज्ञान पोहोचवण्याचे श्रेय मात्र शाळांपेक्षा मासिकांना अधिक द्यावे लागेल. किर्लोस्करवाडीहून, म्हणजे कोल्हापूरला मिरजेमार्गे रेल्वेने जोडलेल्या एका कारखान्याच्या वसाहतीतून, १९३० साली शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘स्त्री’ मासिक सुरू केले, आणि विचारप्रवर्तक लेखांच्या शेजारी घरगुती कलाकुसरीलाही त्यात जागा दिली. विणकामाचा नमुना छापणे ही वरवर साधी वाटणारी गोष्ट खरे तर एक नवी भाषा घडवणे होते. किती टाके घालायचे, किती ओळी एक सुलट एक उलट विणायच्या, कोठे दोन टाके एकत्र करायचे आणि बगलेपाशी किती बंद करायचे, हे सारे केवळ शब्द आणि आकडे यांतून सांगावे लागते. शेजारणीच्या हाताकडे बघून शिकण्याची कला वाचून शिकता येऊ लागली. १८९१ पासून कोल्हापूर-मिरज लोहमार्ग वळिवड्यावरून जात होता, तेव्हा मासिकांचे आणि लोकरीच्या लडींचे गठ्ठे उचगावच्या शिवेशेजारूनच शहरात जात असणार. कानपूरची लाल इमली, पंजाबातील धारीवाल या गिरण्यांची लोकर तोवर बाजारात रुळली होती.

घरातील लहान मुले आणि ही वीण यांचा संबंध केवळ प्रेमाचा नव्हता, काटकसरीचा होता. शिवलेला कपडा मूल वाढले की आखूड होतो, त्याला फार तर दुमड सोडता येते. विणलेला स्वेटर मात्र शेवटच्या टाक्याचे टोक सोडवून ओढले की ओळीमागून ओळ उसवत जातो आणि सगळी लोकर परत मिळते. ती हाताच्या किंवा खुर्चीच्या पाठीच्या आधाराने लडीत गुंडाळून, धुऊन, वजन बांधून वाळवली की तिच्यातील कुरळेपणा जातो आणि दुसरा धागा जोडून मोठ्या मापाचा स्वेटर सुरू करता येतो. थोरल्याचा लाल आणि धाकटीचा पांढरा मिळून तिसऱ्याचा पट्ट्यापट्ट्यांचा, असा हिशेब घराघरांत होई. तान्ह्या बाळाच्या टोपीला पन्नास ग्रॅम लोकर पुरते, म्हणून बाळंतविड्यातल्या टोपी आणि मोज्यांपासून विणकाम शिकणे परवडे. घोंगड्याला असे उसवणे नाही. ते एकदाच विणले जाते, पिढीभर वापरले जाते आणि विरले की घोड्याच्या पाठीवर किंवा गोठ्यात जाते. एक लोकर टिकण्यासाठी होती आणि दुसरी बदलत राहण्यासाठी.

उसवण्याच्या या तंत्राचे जगाच्या दुसऱ्या टोकाला झालेले एक उग्र रूप उचगावच्या शेजारीच येऊन थांबले, हे या परिसराच्या इतिहासाचे वैशिष्ट्य आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून लक्षावधी नागरिकांना सायबेरिया आणि कझाकस्तानकडे हद्दपार केले. पहिली मोठी लाट १० फेब्रुवारी १९४० रोजी, कडाक्याच्या हिवाळ्यात सुरू झाली आणि त्यात स्त्रिया व मुले मोठ्या संख्येने होती. या निर्वासितांच्या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: बरोबर आणलेले लोकरी कपडे उसवून, त्यांचे मोजे आणि हातमोजे विणून, ते स्थानिक लोकांना भाकरी, बटाटे किंवा दूध यांच्या बदल्यात देणे. ३० जुलै १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर सुटका झालेल्यांपैकी हजारो नागरिक १९४२ मध्ये जनरल आंडर्स यांच्या पोलिश सैन्यापाठोपाठ कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरले. तेथून काहींना कराचीमार्गे हिंदुस्थानात आणण्यात आले. जामनगरजवळच्या बालाचडी येथे नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांच्या आश्रयाने प्रामुख्याने अनाथ मुलांची छावणी १९४२ साली उभी राहिली, आणि त्याहून कितीतरी मोठी, सुमारे पाच हजार लोकांची वसाहत १९४३ च्या मध्यापासून वळिवड्याच्या माळावर वसली.

वळिवड्याची छावणी ही मुख्यतः स्त्रिया आणि मुले यांची वसाहत होती, कारण पुरुष एक तर सैन्यात होते किंवा मागे राहिले होते. लांबलचक बराकींमधून प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र निवारा होता; चर्च, रुग्णालय, बालवाडीपासून माध्यमिक शिक्षणापर्यंतच्या शाळा, नाटके, बालवीर पथके असा एका लहान शहराचा संसार तेथे चाले. ज्या बायकांच्या लेखी शरद म्हणजे बर्फ पडण्यापूर्वी लोकरी कपड्यांची डागडुजी करण्याची घाईची वेळ, त्यांच्यापुढे आता पंचगंगेकाठचा तापलेला ऑक्टोबर होता, आणि तीन वर्षांपूर्वी थंडीत मरण पाहिलेल्या मुलांना टोपी घालायची ती उन्हासाठी. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस पोलिश लोक दफनभूमीत जाऊन, थडग्यांवर दिवे लावून पाळतात; तो दिवस बहुतेक वर्षी दिवाळीच्या मागेपुढे येतो. कोल्हापुरात मरण पावलेल्या पोलिश निर्वासितांची थडगी शहरातील ख्रिस्ती दफनभूमीत आजही आहेत.

पोलिश बायकांनी कोल्हापूरकरणींना विणकाम शिकवले, असे साधे समीकरण मांडण्याचा मोह येथे होतो, आणि तो आवरला पाहिजे; कारण छावणी वसण्यापूर्वी कित्येक वर्षे शाळांनी आणि मासिकांनी ते काम केलेले होते, हे वर आलेच आहे. वळिवड्याचे महत्त्व वेगळे आहे. सुयांची वीण मराठी मध्यमवर्गात आवड आणि काटकसर यांच्या मधोमध उभी होती, आणि त्याच विणीने काही हजार मैलांवर मुलांना उपासमारीतून वाचवण्याचे काम केले होते. या दोन्ही अनुभवांच्या स्त्रिया एकाच तालुक्यात, एकाच बाजारात भाजी घेत पाच वर्षे राहिल्या. युद्ध संपल्यावर पोलंडमधील नव्या सत्तेमुळे बहुतेकांना परतणे अवघड झाले आणि १९४७-४८ मध्ये ही वसाहत पांगली. कोणी इंग्लंडला, कोणी आफ्रिकेतील छावण्यांत, कोणी पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि अमेरिकेत गेले. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात १९९८ साली त्यांच्या स्मरणार्थ स्तंभ उभारला गेला, २०१९ मध्ये वळिवड्यातही स्मारकस्तंभ झाला, आणि वॉर्सॉमधील कोल्हापूर स्मारकाला ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी भेट दिली तेव्हा महाराष्ट्रातही अनेकांना ही हकीकत प्रथमच कळली.

रिकाम्या झालेल्या बराकी फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे तेथे वसवली गेली, वसाहतीचे नाव गांधीनगर पडले, आणि निर्वासितांनी फेरीवर सुरू केलेल्या कापडविक्रीतून एक मोठी घाऊक बाजारपेठ उभी राहिली, जिची वाढ पुढे उचगावच्या हद्दीपर्यंत पोहोचली. म्हणजे लोकरीचा दुसरा प्रवाह, जो आजवर बायकांच्या पिशवीतून वाहत होता, त्याला उचगावच्या दारातच व्यापारी पेठ मिळाली. मधल्या काळात हाताच्या विणकामाने एकदा सार्वजनिक रूप धारण केले ते १९६२ साली. २० ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, चीनचे आक्रमण सुरू झाले. हिमालयात उभ्या असलेल्या जवानांकडे पुरेसे गरम कपडे नाहीत ही गोष्ट देशभर कळली, नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि महाराष्ट्रातल्या महिला मंडळांतून, शाळांतून, शेजारणींच्या गच्च्यांतून स्वेटर, मफलर आणि हातमोजे विणून पाठवले जाऊ लागले. बाळासाठी शिकलेली वीण खाकी रंगात आणि मोठ्या मापात विणली गेली, हा फरक सोडला तर नमुने तेच होते.

त्यानंतरची दोन दशके ही मराठी घरांतील विणकामाची भरभराटीची वर्षे म्हणता येतील. लुधियानाच्या ओसवालसारख्या गिरण्यांची लोकर गावोगाव मिळू लागली, पाठोपाठ कॅशमिलॉन या नावाने ओळखला जाणारा कृत्रिम धागा आला, जो स्वस्त, रंगीत, कसर न लागणारा आणि धुवायला सोपा होता. घरगुती विणकाम यंत्रे घेऊन स्वेटर करून देणाऱ्या बायकांचा एक जोडधंदा तयार झाला. आणि मग तयार मालाने दोन्ही गोष्टींना मागे टाकले. घोंगड्याच्या बाबतीत हेच काम पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटांनी केले. जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून नवे सूत काढण्याचा तेथील उद्योग जगभर प्रसिद्ध आहे. ज्या नावाशी मराठी माणसाचे नाते १७६१ पासून जखमेचे, त्याच गावच्या ब्लँकेटखाली आता मराठी खेडी झोपतात. दख्खनी लोकरीला गिऱ्हाईक उरले नाही. अनेक ठिकाणी मेंढपाळाला कातरणीची मजुरी पदरची द्यावी लागते आणि निघालेली लोकर बांधावर टाकून द्यावी लागते.

आज आश्विन लागला की गांधीनगरच्या घाऊक दुकानांत लुधियानाच्या स्वेटरांचे गठ्ठे उतरू लागतात आणि दसरा-दिवाळीच्या खरेदीला आलेले किरकोळ व्यापारी ते आजूबाजूच्या तालुक्यांत नेतात. महामार्ग, गोदामे आणि प्लॉट यांनी व्यापलेल्या उचगावच्या शिवारात बकरी बसवायला रिकामे शेत सापडणे कठीण होत चालले असले, तरी पट्टणकोडोलीच्या यात्रेसाठी लोकर अजून लागतेच. बाळंतविडाही तयार मिळतो, एका प्लास्टिकच्या पेटीत टोपी, हातमोजे, पायमोजे आणि स्वेटर यांचा एकरंगी संच असतो. आजी मंडळी अजून एखादी टोपी हाताने विणतात, परंतु धाकट्यासाठी थोरल्याचा स्वेटर उसवण्याची रीत मात्र जवळजवळ थांबली आहे, आणि तिचे कारण हौस आटणे एवढेच नाही. यंत्रावर विणलेले स्वस्त स्वेटर बहुतेक वेळा आधी लांब कापड विणून, ते मापाने कापून आणि कडा शिवून केलेले असतात. कापताना प्रत्येक ओळीचा धागा दोन्ही कडांना तुटतो, त्यामुळे असा स्वेटर उसवायला घेतला तर हाती सलग लोकर येत नाही, केवळ वीतभर-हातभर लांबीचे तुकडे येतात, ज्यांचे पुढे काही विणता येत नाही.